एरंडाच्या पानांनी न गेलेली गाठ

पाळी जवळ आली की माझी छाती जड होऊन ठणकायची. लग्न होऊन भंडाऱ्याजवळच्या कारध्याला आले, तेव्हा सासूबाईंच्या ते लक्षात आलं. कपडे वाळत घालताना माझा हात वर जात नव्हता. त्यांनी परसातल्या एरंडाची पानं तोडली, तेल लावून तव्यावर शेकली आणि आतल्या खोलीत नेऊन कोमट असतानाच बांधून दिली. जेवणात जवसाची चटणी वाढू लागल्या. ठणका उतरायचा. आपलं दुखणं कुणाला तरी कळलं, याचंही बरं वाटायचं.

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत पाळी येऊन गेली, ठणका गेला, पण डाव्या बाजूला बोटांना एक गाठ लागत राहिली. माझी मावशी अशाच गाठीनं गेली होती. मी कुणाला बोलले नाही. आंघोळीला गेले की चाचपायची, भाजी चिरता चिरता पदराआडून पुन्हा चाचपायची. कधी वाटे लहान झाली, कधी वाटे वाढली. पुढची पाळीही येऊन गेली. गाठ होती तिथंच.

सासूबाई पानं घेऊन आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, "आई, यानं नाही जाणार. गाठ आहे."

"काहून नाही सांगितलं व?" एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझे पती वरठीला ड्युटीवर गेल्यावर आम्ही दोघी भंडाऱ्याला दवाखान्यात गेलो.

सोनोग्राफी झाली. गाठ पाण्याची निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. जवस खा, शेक घ्या, पण गाठ लागली तर घरगुती उपायांवर थांबू नका.

मी बाहेर येऊन सांगितलं, तरी सासूबाई बाकावरून उठेनात. खाली बघत हळूच म्हणाल्या, "मले बी हाय. लय दिवसाची. पानंच बांधून राहिली मी."

मी त्यांचा हात धरून पुन्हा आत गेले. त्यांच्या गाठीची सुईनं तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी एकेक दिवस मोजत होते. त्या मात्र धान वाळवत होत्या. रिपोर्ट वाईट आला. नागपूरला ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. आता त्या बऱ्या आहेत, शेतावर जातात. पण त्यांच्या फेरतपासणीचा दिवस जवळ आला की मी रात्री उठून जुने रिपोर्ट पुन्हा वाचते.