टीव्हीवरचा फुल्लीगोळा आणि मामाजींचं नाव

हरल्याबद्दल लोक मला अजून शाबासकी देतात आणि माझं डोकं तापतं.

फुल्लीगोळ्याचा तो कार्यक्रम मी शाळेत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहायची. नऊ चौकोन, बरोबर उत्तराला आपली खूण, ओळीत तीन झाल्या की जिंकलं. स्पर्धकांच्या आधी मी उत्तरं द्यायची. एकदा तिथं उभं राहून जिंकायचं, एवढंच मला हवं होतं. कार्यक्रम नव्यानं सुरू झाला तसा मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला.

निवड झाली. तळेगावहून नवरा सोबत आला, प्रेक्षकांत बसला. माझ्या दोन फुल्ल्या झाल्या, समोरच्याचा एकच गोळा. तिसऱ्या फुल्लीसाठीचा प्रश्न महाभारतातला, शाळेतलं पोरगं झोपेतही उत्तर देईल असा. उत्तर म्हणजे एक नाव, आणि नेमकं माझ्या सासऱ्यांचं.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, रेशनच्या दुकानातही मी ते कार्डावर बोट ठेवून दाखवते.

"आमच्या मामाजींचं नाव आहे ते," मी म्हणाले.

सूत्रसंचालक हसला. "ताई, पण नाव सांगा ना."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. वेळ संपली. पुढचे दोन चौकोन समोरच्यानं पटापट घेतले आणि तो जिंकला. टाळ्या मात्र मला पडल्या. कसल्या मेल्या टाळ्या त्या!

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी घर शेजाऱ्यांनी भरलं होतं. नवरा ऐटीत सांगत होता, "हरली, पण नाव नाई घेतलं तिनं." मान खाली घालणारा हाच.

"सून असावी त अशी," शेजारीण म्हणाली.

माझा तोल सुटला. बारा वर्षं गिळलेलं ते नाव मी सगळ्यांसमोर, टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात घेतलं. एकदा नाही, दोनदा. नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मी भांडायच्या तयारीनं उभी होते.

"मंग तिथं काऊन नाई घेतलं बाई?" ते म्हणाले. "मले त चाललं असतं. मले कोणी इचारलंच नाई."