वरातीच्या गाडीचा मूळ रंग

आमच्या अण्णांची अँबॅसेडर पांढरी. म्हणजे एकेकाळी पांढरी. अहमदपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून बॉनेटवर पोपडे आले होते आणि दारांच्या बुडाशी गंज चढला होता. अण्णा शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, पण खरा जीव त्या गाडीवर. माझ्या पाठवणीला ते रडले नाहीत, आणि जावयानं गाडीचं दार धाडकन आपटलं तेव्हा मात्र डोळे पुसले. हे मी पदरचं सांगत नाही. अख्खा मांडव साक्षीला होता.

यंदा त्यांनी लातूरच्या गॅरेजात नेऊन गाडीला नवा रंग द्यायचं काढलं. पांढराच. आमची माय भाकरी थापता थापता म्हणाली, "पांढरा कशाला? आपल्या वरातीत होता तो हिरवा द्या की."

वरातीची ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. माय निलंग्याकडची. तिला बघायला गेले तेव्हा आमच्याकडच्यांनी छाती फुगवून सांगितलं, घरी मोटार हाय. वरात खरोखर हिरव्या अँबॅसेडरमधून निघाली. मायनं चुडा भरलेला हात खिडकीतून बाहेर काढून दारावर ठेवला, तर बांगड्या कुठं संपल्या आणि गाडी कुठं सुरू झाली ते कळेना, इतका तो रंग जुळला होता. पुढं काही महिन्यांनी दारात गाडी उभी राहिली ती पांढरी. अण्णा म्हणाले, रंग बदलून घेतला. विषय मिटला.

"तो रंग आता कुठं मिळायचा?" अण्णा म्हणाले.

"मिळायचा कशाला? खाली हायच की. पांढरा खरडा, हिरवा निघंल. त्याच्याशी शेड जुळवा. मी येते रविवारी लातूरला, डोळ्यांनी बघते."

अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. मी लातुरात क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, सुट्टीला आले होते. मला मायचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. मी आपली मान डोलावली. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांचं घर फोडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आम्ही दोघं लातूरला निघालो. एरवी अण्णा गाडी चालवताना समोरच्या प्रत्येकाला व्याकरणशुद्ध शिव्या देतात. त्या दिवशी एक ट्रॅक्टर आडवा आला तरी गप्प. चाकूर मागं पडलं आणि ते एकदम म्हणाले, "खाली हिरवा न्हाई."

"म्हणजे?"

"वरातीची गाडी आपली नव्हती. डाळमिलच्या मालकाची मागून आणली होती. ही नंतर घेतली. जुनी. पांढरीच होती."

माझं डोकंच सणकलं. "अण्णा! खोटं बोललं म्हणून तुम्ही पोरांना अंगठे धरायला लावायचे!"

"म्हणून तर."

"मग सांगून टाका की मायला."

"आता? नातवंडाला मिसरूड फुटल्यावर सांगू? ती म्हणंल, जो माणूस पहिल्याच दिवशी फसवतो, त्यानं पुढं काय काय फसवलं असंल?" गाडीचं त्यांना काही पडलं नव्हतं. मायच्या नजरेतून उतरायची भीती होती, आणि ती भीती खरी होती. मला राग आला आणि लगेच कीवही आली. मग मी त्यांना गिअर नीट टाका म्हणाले.

गॅरेजमधला पेंटर मिस्त्री फार तुटक माणूस. रंगावर रिमूव्हर फासायचा, रंग फुगून सुरकुतला की पट्टीनं खरवडून काढायचा. वासानं डोळ्यांची नुसती आग. पांढऱ्याखाली दुसरा पांढरा निघाला, त्याखाली काळा, त्याखाली तांबड्या ऑक्साईडचं अस्तर आणि मग पत्रा. आणि आमचे अण्णा, ज्यांना सगळ्या जगात एकट्यांना माहीत होतं की खाली हिरवा नाही, ते प्रत्येक थर निघाला की चष्मा सावरून वाकून बघायचे. न जाणो, निघालाच तर!

सगळी गाडी उघडी पडल्यावर अण्णांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "मागच्या दारावर हातभर हिरवा लावा. त्याच्यावर पांढरा मारा. आन मग रविवारी आमच्या मंडळींसमोर तो पांढरा खरडा."

मिस्त्रीनं पट्टी खाली ठेवली. "काका, रंग काढायला आणलीय का लावायला?"

"काढायलाच. पण काढायसाठी आधी लावायचा."

"आणि काढल्यावर?"

"मग सगळ्या गाडीला तोच लावायचा."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. ह्यांचं डोकं ठिकाणावर हाय ना, असं ते बघणं होतं. मी शेड कार्ड चाळायचं सोंग केलं. "खामखा कशाला दोन-दोन कामं, काका? थेट हिरवाच मारतो की."

"मूळ रंग म्हणून निघायला पाहिजे," अण्णा म्हणाले. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला, पण कबूल झाला.

आता पुढची पंचाईत. हिरवा म्हणजे कोणता हिरवा? अण्णांना आठवेना. त्या दिवशी त्यांनी गाडीकडं बघितलंच नव्हतं. "मी तिच्याकडं बघत होतो," असं ते लाजून म्हणाले. अशा अवघड वेळी असलं ऐकून माणसानं काय करावं सांगा!

मग मायला न विचारता विचारायचं ठरलं. अण्णा रोज रात्री घरी जाऊन जेवताना सहज म्हणून मिरची उचलायचे. "काय गं, असा होता का आपल्या गाडीचा रंग?" माय म्हणायची, "छे! हरभऱ्याच्या कवळ्या घाट्यासारखा." सकाळी अण्णा घाट्यांची पिशवी घेऊन एसटीनं लातूरला. मिस्त्री घाट्यासारखा रंग कालवायचा. रात्री माय म्हणायची, "न्हाई वो, घाट्याहून जरा डार्क. कारल्याकडं झुकणारा." सकाळी कारली. मग दोडका. मग अंबाडीचं पान. एके रात्री तर म्हणाली, "कारल्याचाच, पण पाऊस पडून गेल्यावरच्या कारल्याचा." अण्णांनी दुसऱ्या दिवशी गॅरेजात कारल्यावर पाणी शिंपडून मिस्त्रीपुढं धरलं. मिस्त्रीनं ते दोन बोटांनी धरून उजेडात बघितलंसुद्धा. येडेपणाची लागण होते. त्या आठवड्यात मिस्त्रीच्या घरी भाजी म्हणून विकत आणावी लागली नाही.

शनिवारी दुपारी शेवटी अण्णांच्या मनासारखा हिरवा जमला. मिस्त्रीनं मागच्या दारावर हातभर चौकोन मारला आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत हात लावू नका. वाळला की वरून पांढरा मारतो." मी क्लास बुडवून तिथं उभी. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात, पोराचा निकाल लागायचा असावा तसे येरझाऱ्या घालत होते.

आणि गॅरेजच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षातून माय उतरली.

"रविवार म्हणली होतीस ना गं तू!" मी ओरडलेच.

"उद्या पाव्हणे येणार हायत. म्हनलं आजच बघून यावं." हातात पिशवी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर काही नाही.

अण्णांना पळायला जागा नव्हती. गाडी सगळी नागडी, पत्रा चकाकतोय, आणि मधोमध तो ताजा हिरवा चौकोन. ते सरळ गेले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. "काय न्हाई बघण्यासारखं," म्हणाले. "अजून काम चालू हाय."

"सरका."

"अगं, वास लई हाय. तुला त्रास होईल."

"सरका म्हनलं ना."

अण्णा सरकले. चौकोनाचा अर्धा भाग त्यांच्याबरोबर सरकला. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर हिरवागार ठसा, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. उलट छाती काढून म्हणतात कसे, "हे बघ. निघाला का न्हाई मूळ रंग?"

मिस्त्री आत कॉम्प्रेसर बघायला गेला.

मायनं त्यांच्या पाठीकडं एकदा बघितलं. मग दाराजवळ गेली, बांगड्यांचा हात उचलला आणि त्या चौकोनावर टेकवला, वरातीत टेकवला होता तसाच. बांगड्या कुठं संपल्या ते खरंच कळत नव्हतं. हात काढायला गेली तर बांगड्या चिकटल्या. चिक्क असा आवाज आला आणि मनगटावर हिरवा ओघळ आला. ती तो ओघळ निरखत उभी राहिली.

"हाच रंग," माय आतल्या मिस्त्रीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "सगळ्या गाडीला हाच मारा."

अण्णांनी सुटकेचा असा श्वास सोडला की मला हसू आवरेना. पण माय हसत नव्हती. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळू बोलली. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"वरातीत गाडीत बसताना डायवर मला म्हणला होता, बाई, पाय झाडून बसा, मालकाची गाडी हाय."

अण्णा थिनरच्या रिकाम्या डब्यावर मटकन बसले. "तवापासून ठाव हाय तुला?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस कधी?"

"तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होते. एवढी कारली नेली, सांगितलं न्हाईच."

अण्णांचे डोळे भरून आले. "आता सांगतो," ते म्हणाले. "सगळं सांगतो. त्या दिवशी मी..."

माय त्यांच्या मागं गेली आणि पदराच्या टोकानं त्यांची पाठ पुसायला लागली. रंग निघायच्या ऐवजी पसरत गेला.

"बसा गप," ती म्हणाली. "आधी वाळू द्या."