आधी नावं, मग हुकूम

माझी ड्युटी अकोल्याच्या पूर नियंत्रण कक्षात लागली तेव्हा होमगार्डमध्ये माझं नववं वर्ष चालू होतं. शिक्षण चौथी. परेडला मी शेवटच्या रांगेत उभी राहायची. कक्षात मला सर्व्हरच्या खोलीच्या दारावर बसवलं. परवानगीशिवाय कोणाला आत सोडायचं नाही आणि एसी बंद पडला तर कळवायचं, एवढंच काम.

कक्षाचे प्रमुख वानखडे सुभेदार. फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त झालेले, मूळ धामणगाव रेल्वेचे. सकाळी ०७:०० ला हजेरी घ्यायचे. माझा आवाज त्यांच्यापर्यंत कधी पोचला नाही.

"मंदा, मनातल्या मनात हाजिर म्हणून राहिली का वं? का मी येऊ तिथं ऐकायले?"

सगळ्या हसायच्या. मीही खाली बघून हसायची.

नदीकाठी आमच्या सतरा चौक्या होत्या. प्रत्येकीवर हातात धरून बोलायचा एक सेट. सेट सुरू केला की त्याला नंबर मिळायचा, आणि तो दर वेळी वेगळा असायचा. म्हणून सेट सुरू होताच आपलं नाव आणि नंबर सर्व्हरकडे नोंदवायचा. आम्ही नुसतं चौकीचं नाव लावायचं, नंबर सर्व्हर शोधून द्यायचा. ऑपरेटर इम्रान याला रजिस्ट्री म्हणायचा. मी मनात हजेरीबुक म्हणायची.

रजिस्ट्री बसली ती सिंधूमुळे. सिंधू परेडला माझ्या शेजारी असायची. आदल्या पावसाळ्यात तिची ड्युटी बाळापूरच्या पुढच्या ठेंगण्या पुलावर होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार होते. कक्षातून तिचा नंबर लावत राहिले, पण तिने बॅटरी बदलताना सेट बंद केला होता. नंबर बदलला होता. पाणी आलं तेव्हा ती पुलावरून माणसं हटवत होती. माणसं वाचली. ती दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडली.

सुभेदारांनी मग दोन गोष्टी केल्या. रजिस्ट्री आणली. आणि हुकूम काढला की ड्युटी संपेपर्यंत सेट बंद करायचा नाही, चालू सेटलाच चार्जर लावायचा.

रजिस्ट्रीत पहिलं नाव इम्रानने हाताने भरलं: सिंधू. त्याला कक्षातल्या टेबलावरच्या सेटचा नंबर दिला. ते लावलं की तो सेट वाजायचा. रोज सकाळी तो वाजला म्हणजे रजिस्ट्री ठीक.

इम्रान मला दारातून दाखवायचा. "मंदाताई, पहिले रजिस्ट्री चालू करायची, मग बोलायची सर्विस. उलटं केलं तं सर्विस नावं मांगत बसते अन् सांगणारं कोणीच नसते."

मी ते वहीत लिहिलं. रोज सतरा नावं आणि त्यांचे त्या सकाळचे नंबरही लिहायची. कोणी सांगितलं नव्हतं. मला विसरायची भीती वाटायची.

तो दिवस बाजाराचा होता. इम्रान बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर. त्याच्या जागी अमरावतीहून नीलेश आला होता. सकाळपासून मोबाइलचे टॉवर बंद होते. १०:३५ ला लाइट गेली. जनरेटरने पकड घेईपर्यंत सर्व्हर बंद पडला.

१०:४२ ला धरणावरून लँडलाइनवर निरोप आला. ११:०० ला दरवाजे उघडणार. तिथून अर्ध्या तासात पाणी ठेंगण्या पुलावर. पुलावर आमची शोभा होती, आणि बाजाराला जाणारी माणसं.

नीलेशने सर्व्हर चालू केला, बोलायची सर्विस चालू केली आणि 'पूल' हे चौकीचं नाव लावलं. नाव सापडत नाही. परत लावलं. नाव सापडत नाही.

"काहून?" सुभेदार म्हणाले.

"सर, नेटवर्क चालू आहे. पण एकही नाव सापडत नाही."

"गाडी धाडली तं किती वेळ?"

"पाऊण तास."

सुभेदार खुर्चीवरून उठले. मीही उठले.

"सर."

कोणी ऐकलं नाही.

"सर!" माझी मीच दचकले. "पहिले रजिस्ट्री लागते. यायनं सर्विस पहिले लावली."

नीलेशने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. सर्विस बंद केली. रजिस्ट्री चालू केली, मग सर्विस. १०:४९. रजिस्ट्री चालू झाली, पण रिकामी. सर्व्हर बंद पडताना सगळी नावं पुसली गेली होती. सेट बंद करून चालू केल्याशिवाय परत नाव देत नव्हते, आणि तसं करा हे चौक्यांना सांगणार कसं?

मी वही टेबलावर ठेवली. "नावं हातानं भरता येतात. सिंधूचं भरलं तसं."

सुभेदारांनी पान पाहिलं. "हे नंबर सकाळचे हायेत, मंदा. मागच्या वर्षी हेच झालं होतं."

मी पानावर बोट ठेवलं.

"सेट बंद केल्याबिगर नंबर बदलत नाही, सर. अन् सेट बंद करायचा नाही हा तुमचाच हुकूम हाये. शोभा तो मोडत नसते."

ते नीलेशला म्हणाले, "भर."

आधी सिंधू. टेबलावरचा सेट वाजला. मग पूल. १०:५४. सुभेदारांनी माइक घेतला.

"पूल, पूल, कंट्रोल. ओव्हर."

खरखर. मग शोभा. "कंट्रोल, पूल. झोपले होते का बाप्पा तुमी? मघापासून बोंबलून राहिली मी. ओव्हर."

"अकराले दरवाजे उघडून राहिले. पूल खाली कर. दोन्हीकून दोर बांध. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

उरलेली सोळा नावं मी वाचली, नीलेशने भरली. ११:१२ ला शोभा बोलली. "पूल खाली. दोर बांधला. एक बुढा बकरीबिगर हटत नव्हता. दोघायले उचलून आणलं. ओव्हर."

११:२९ ला पाणी पुलावरून गेलं. पुलावर कोणी नव्हतं.

नीलेशने टेबलावर मूठ आपटली. सुभेदारांनी माइक माझ्यापुढे सरकवला.

"हजेरी तू घे."

मी सतरा नावं पुकारली. सतरा वेळा हाजिर आलं. शेवटची चौकी कक्षापासून सर्वांत लांब होती. तिथली होमगार्ड म्हणाली, "कोण बोलून राहिलं? लय मोठा आवाज हाये."

"आमची मंदा हाये," सुभेदार म्हणाले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "आता मलेही ऐकू आलं."

पुढे वय झालं म्हणून मी ड्युटी सोडली. शेवटच्या सकाळी नव्या मुलीला काम दाखवलं. आधी रजिस्ट्री, मग सर्विस. तिने पहिलं नाव वाचलं.

"ताई, हे सिंधू कोणती चौकी हाये? यादीत तं नाही."

"चौकी नाही. होमगार्ड हाये. ठेंगण्या पुलावर होती. पहिलं नाव तिचं लावायचं, मग बाकीचे."

तिने नाव लावलं. टेबलावरचा सेट वाजला. मी तो उचलला आणि रोजच्यासारखं सिंधूच्या वतीने म्हणाले, "हाजिर." त्या दिवशी बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू गेलं.