बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात

पहिल्याच रविवारी मला एक गोष्ट खटकली. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती!

देवाचं ठिकाण म्हणजे चपला बाहेर, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्यातून हे जपान. इथे दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा लोक बूट काढून आत जातात. म्हणून मी, नवरा ओंकार आणि आमची पाच वर्षांची रेवा, तिघांनी दाराशी बूट काढले, इथल्या पद्धतीने त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला केली आणि मोज्यांवर आत जाऊन बसलो. आत चाळीसेक माणसं, आणि झाडून सगळ्यांच्या पायात चकचकीत बूट! माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"परत जाऊ या," मी ओंकारच्या कानात म्हटलं.

"आता उठलो तर अंगठा जास्त दिसेल," तो म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि पाहुण्यांना अवघडायला नको म्हणून हळूच स्वतःचे बूट काढले. मग त्यांच्या पलीकडच्यांनी काढले. मग मागच्या रांगेने. शेवटची प्रार्थना संपून मी डोळे उघडले तेव्हा समोर उभे असलेले अध्यक्ष सातो-सानसुद्धा मोज्यांवर होते!

*

जपानमध्ये राहणाऱ्यांच्या दारात पारदर्शक छत्र्या साठत जातात. पाऊस आला की कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, एक घ्यायची, आणि मग ती कधी घेतली तेही आठवत नाही, टाकवतही नाही. आमच्याकडे रविवारचे किस्से तसे साठलेत.

आम्ही राहतो उरायासुला. खालच्या मजल्यावरच्या मात्सुदा-सान मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका पंथाच्या आहेत. त्यांची हिना आणि आमची रेवा एकाच बालवाडीत. त्यांनी बोलावलं म्हणून एकदा गेलो. "पासपोर्ट ठेवून घेत नाहीत ना?" असं मी ओंकारला लिफ्टमध्ये तीनदा विचारलं होतं. पण तिथे कोणी काही ठेवून घेतलं नाही, उलट डबाभर संत्री दिली. चर्च म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. पगारी पाद्री नाही, सातो-सान आठवडाभर फ्रीज विकतात आणि रविवारी अध्यक्ष असतात. आम्ही सभासद वगैरे झालेलो नाही. रेवाला मैत्रीण मिळाली, आम्हाला रविवार मिळाला.

बारा वाजता घरी आलं की मी सांगलीला आईला फोन लावते आणि त्या दिवशीचा किस्सा सांगते. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. आई फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवते. पलीकडच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत असतात.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून मी किस्से जरा मोठ्याने सांगते.

*

चहाचा किस्सा आईचा लाडका आहे. मात्सुदा-सान पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी आलं घालून झकास चहा केला. त्यांनी दोन्ही हात जोडून कमरेत वाकून माफी मागितली. त्यांच्यात चहा चालत नाही.

"काहीच हरकत नाही!" म्हणत मी आत पळाले आणि कॉफी करून आणली.

त्या आणखी खाली वाकल्या. कॉफीही चालत नाही.

मी पुन्हा आत पळाले. या देशात आल्यागेल्याला जे देतात तेच द्यावं, म्हणून ग्रीन टी आणला. आता त्यांचं कपाळ टेबलाला टेकायचं राहिलं होतं! मला रडूच फुटणार होतं. शेवटी फ्रीजच्या तळातून कोकम सरबत काढलं. त्या तीन ग्लास प्यायल्या आणि हसल्या. सरबत आवडलं म्हणून हसल्या की सुटल्या म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा नाही, कॉफी नाही... मग ही माणसं गप्पा मारतात तरी कशाच्या जोरावर?"

"बाबा हसले का?" मी हळूच विचारलं.

"पेपर हलला," आई म्हणाली.

*

आता बाबा का बोलत नाहीत ते.

बाबांनी मला सातव्या वर्षापासून पेटी शिकवली. बँकेतून आले की हातपाय धुऊन पेटी पुढ्यात. ते सांगलीच्या भजनी मंडळात वाजवतात, उरुसात वाजवतात, कोणी बोलावलं तर शाळेच्या गॅदरिंगलाही वाजवतात. धर्माचं त्यांना काही नाही. मी जपानला निघाले तेव्हा त्यांनी स्वतःची लहान पेटी रजईत गुंडाळून माझ्याबरोबर दिली. ती चार वर्षं आमच्या कपाटात होती. कारण आमच्या भिंती पातळ आहेत, आणि मिक्सर लावला तर शेजारी काय म्हणतील म्हणून मी चटणी करायच्या आधी खिडक्या लावते. बाबा विचारायचे, "वाजवतेस ना?" मी म्हणायचे, "शेजाऱ्यांना आवाज जातो हो बाबा."

चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या उएदा-सान. बूट काढणाऱ्या आजी त्या याच. त्यांची बोटं थरथरायला लागली तेव्हा सातो-साननी सभेत विचारलं, कोणाला वाजवता येईल का? मी खाली मान घालून बसले. ओंकारने माझा हात धरून वर केला. माझा हात!

पुढच्या रविवारी मी ऑर्गनवर. उजवा हात ठीक चालला होता. डाव्याला मात्र काम सापडेना. जन्मभर त्याने फक्त भाता मारलेला! तो आपोआप ऑर्गनच्या पाठीमागे गेला आणि हवेतच भाता मारायला लागला. पहिल्या रांगेतली सगळी पोरं डावा हात हलवत गायला लागली.

शिवाय लय. त्यांची गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत जातात. माझ्या हाताला आरतीची सवय. दुसऱ्या कडव्याला मी थोडी वाढवली, तिसऱ्याला आणखी, आणि चौथ्या कडव्याला सातो-सान गाता गाता धापा टाकत होते. ताल देणाऱ्या मात्सुदा-सानचा हात पंख्यासारखा फिरत होता. गाणं संपलं आणि मी घामाघूम. आता काढून टाकतील, मला वाटलं.

उएदा-सान आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सायली-सान, बऱ्याच वर्षांनी आज सभा वेळेवर संपेल!"

हा किस्सा मी बाबांना हसत हसत सांगितला. बाबांना, कारण तेव्हा ते बोलत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "पेटीला शेजारी आडवे येतात. ऑर्गनला नाही आले?"

मी म्हटलं, "बाबा, तसं नाही हो..."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून बाबांना दे म्हटलं की ते आंघोळीला तरी गेलेले असतात, नाहीतर गच्चीवर. त्यांचा खोकला मात्र टेबलाशीच असतो.

*

उपासाचा किस्सा मी मुद्दाम बाबांसाठी जपून ठेवला होता, कारण बाबांना खिचडी प्रिय.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी उपास करतात, असं मात्सुदा-साननी सांगितलं. मला फार बरं वाटलं. एवढ्या परक्या ठिकाणी एक तरी ओळखीची गोष्ट! आदल्या दिवशी ओजिमाच्या भारतीय दुकानातून साबुदाणा आणला, दाण्याचं कूट केलं (खिडक्या लावून) आणि रविवारी मोठा डबा भरून खिचडी नेली. सभा संपल्यावर टेबलावर ठेवून झाकण काढलं. तूप-जिऱ्याचा वास मजलाभर पसरला.

सगळे डब्याकडे बघत राहिले. कोणी पुढे येईना. सातो-सान अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सायली-सान, आज उपास आहे."

"हो, म्हणूनच तर आणली!" मी म्हटलं.

दोन वेळचं काहीही खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा उपास! मला जमीन दुभंगावी असं झालं. ओंकार ऑफिसात क्लायंटला समजावतो त्या चेहऱ्याने पुढे झाला. "आमच्याकडे उपासाचा वेगळा मेन्यू असतो," तो म्हणाला. "बटाटा चालतो. रताळं चालतं. शेंगदाणे चालतात. वेफर्सही चालतात."

"मग काय चालत नाही?" सातो-साननी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

खिचडी मुलांनी संपवली, मुलांना उपास नसतो. आणि पुढच्या महिन्यात उएदा-सान मला खांबाआड घेऊन गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीचा उपास मला सुरू करायचा आहे. त्यासाठी काय करावं लागतं?"

त्या दिवशी आईने आपण होऊन सांगितलं, "पेपर खाली ठेवलाय."

"म्हणजे बोलतील?"

"चष्मा पुसतायत," आई म्हणाली.

*

दर उपासाच्या रविवारी कोणीही पुढे जाऊन मनातलं बोलू शकतं. माइक मोकळा असतो. मी त्या तासात खुर्ची घट्ट धरून बसते, न जाणो ओंकार पुन्हा हात वर करायचा. एकदा मी ओंकारकडे लक्ष ठेवून होते आणि पलीकडून रेवा उठून गेली! सातो-साननी तिच्यासाठी पायाखाली स्टूल ठेवलं.

ती जपानीत स्पष्ट, खणखणीत बोलली. "माझी आई दाराची बेल वाजली तरी घाबरते. पप्पा इथे झोपतात. आजोबा आईशी बोलत नाहीत, आई त्यांना ओरडून गोष्टी सांगते. मला हिना आवडते. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन."

आणि रिवाजाप्रमाणे चाळीसच्या चाळीस माणसं गंभीरपणे एका सुरात म्हणाली, "आमेन!"

मी दचकले. ओंकार जागा झाला.

हा किस्सा मी आईला सांगितला नाही. पण तेव्हापासून दर रविवारी उएदा-सान निघताना एवढंच विचारतात, "वडील?" मी नाही म्हणून मान हलवते. त्याही मान हलवतात.

*

आता गेल्या रविवारचा.

इमारतीत विजेची तपासणी होती, म्हणून सकाळभर वीज बंद. पत्रक महिनाभर दारावर लावलेलं, पण ऑर्गन विजेवर चालतो हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. खिडक्या उघडल्या, दिवे नाहीत, सभेला अर्धा तास बाकी. "आज वाद्याशिवाय गाऊ," सातो-सान म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सायलीकडे पेटी आहे!" ओंकार म्हणाला. "तिला वीज लागत नाही!"

मी त्याच्याकडे बघितलं, पण तो सायकलवर बसून गेलासुद्धा. वीस मिनिटांत पेटी रजईसकट आली. चार वर्षांनी मी ती रजई सोडली. बाबांच्या खोलीचा वास आला, कापराचा आणि जुन्या लाकडाचा. मी पुढे जमिनीवर मांडी घालून बसले, भाता सोडला, एक पट्टी दाबली. वाजली! पट्टी सोडली.

सूर थांबेना.

मी दुसऱ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, पेटीच्या पाठीवर थापट्या मारल्या. भात्याबरोबर तो एकच सूर आपला चालूच. मंडळी यायला लागली होती. सभेआधी इथे हळू संगीत असतं आणि सगळे माना खाली घालून शांत बसतात. त्यांना वाटलं, हेच ते संगीत. एकेक जण येऊन बसत होता आणि डोळे मिटत होता.

"आई, तू पट्टीवरचा हात काढलास तरी वाजतंय," रेवा म्हणाली.

"गप्प!"

मी आईला फोन लावला. उचलला नाही. तिकडे साडेसहा, म्हणजे ती फिरायला गेलेली आणि फोन चार्जिंगला. आता पेटी उघडायला हवी होती, आणि कुठला स्क्रू आधी काढायचा हे सांगू शकणारा एकच माणूस मला माहीत होता. त्यांचा नंबर मी किती महिन्यांत लावला नव्हता. लावला. वाजून वाजून बंद झाला.

"पुन्हा लाव," ओंकार म्हणाला. मी पहिल्यांदा फोन हातात घेतला तेव्हाच तो पेटीपुढे येऊन बसला होता आणि मदत म्हणून जीव खाऊन भाता मारत होता.

मी पुन्हा लावला. पुन्हा बंद झाला. समोर चाळीस माणसं डोळे मिटून बसलेली. फक्त उएदा-सानचे डोळे उघडे होते. त्या माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. त्यांनी बोटाने खूण केली: आणखी एकदा.

तिसऱ्यांदा लावला. वाजत राहिला. मी दमलेला हात कानावरून खाली आणला, तेवढ्यात वाजणं थांबलं. फोन पुन्हा कानाला लावला. हॅलो नाही, काही नाही. पलीकडे कोणीतरी नुसतं ऐकत होतं. पेटीचा सूर तेवढा चालू होता.

मग बाबांचा आवाज आला.

"भाता ओंकाररावांच्या हातात कोणी दिला?"