एवाल्डच्या मनगटावरचा सूर्य

आमच्या एस्टोनियाने सॉफ्टवेअरमध्ये जगाच्या पुढे जायचं ठरवलं, तेव्हा बेटावरच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नाही. राजधानीत, टॅलिनच्या पोरांनी ओळखपत्राचं कार्ड काढलं. यंत्रात घाला, गुप्त आकडा दाबा, की सही, बँक, औषधाची चिठ्ठी सगळं होतं. आकडा कुठे लिहायचा नाही आणि तीनदा चुकला की कार्ड बंद. गावातलं एकमेव यंत्र माझ्या वाचनालयात, त्यामुळे चुकणारे सगळे माझ्याच डोक्यावर.

उपाय काढला एल्फ्रीदेने. वय अठ्ठ्याहत्तर, तोंड फटकळ, हातात सदा सुया.

"लिहायचं नाही म्हणतात ना? विणायचं नाही असं कुठं म्हटलंय?"

तिने प्रत्येकाला हातमोजे विणून दिले. मनगटाशी चार पट्टे, ज्या पट्ट्यात जितक्या ओळी तो आकडा. लोक यंत्रासमोर बसून मनगट मोजायचे. म्हातारा एवाल्ड तर मोठ्याने मोजायचा.

एल्फ्रीदेचं दुखणं वेगळंच होतं. जिल्ह्याच्या संग्रहालयात नामवंत विणकरणींची एक भिंत आहे. तिथे तिची नणंद साल्मे वीस वर्षं मिरवत होती. एल्फ्रीदेचं विणकाम मात्र दरवेळी परत यायचं, का तर टाके एकसारखे नाहीत.

मार्चमध्ये संग्रहालयाच्या पिरेतबाई वाचनालयात आल्या आणि एवाल्डचं मनगटच धरून बसल्या.

"सात, दोन, नऊ, चार! हे तर प्राचीन सूर्यपंचांग!"

"अहो, हा तर माझा..." एवाल्ड म्हणाला. मी त्याचा पाय तुडवला.

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. गावातले सगळे हातमोजे भिंतीवर लागणार, प्रत्येकाखाली मालकाचं नाव, आणि एल्फ्रीदेचं नाव साल्मेच्या वर.

बाई गेल्यावर एल्फ्रीदेने प्रथमच सुया खाली ठेवल्या. "चाळीस वर्षं वाट पाहिली गं, लेम्बी," ती म्हणाली.

"मावशी, मग आकडेच बदलू या. जुने खुशाल भिंतीवर लागू देत."

रविवारी अख्खं गाव वाचनालयात रांगेत उभं राहिलं. एल्फ्रीदे यंत्राशेजारी विणत बसली होती. संध्याकाळपर्यंत एकोणतीस जणांचे आकडे बदलले, माझ्यासकट. सोमवारी तेच एकोणतीस जण पुन्हा दारात. नवा आकडा एकालाही आठवेना, माझ्यासकट.

एल्फ्रीदेने पिशवीतून काल विणलेला लांबच लांब मफलर काढला. "रांगेत जसे होतात तसे उभे राहा. एवाल्ड, तू कितवा?"

"मावशी, ते पण विसरलो."

"बावळट! लेम्बीच्या मागे होतास." आणि तिने ओळी मोजून एकेकाच्या कानात आकडा सांगितला.

मे महिन्यात भिंत सजली. एल्फ्रीदेचं नाव सर्वांत वर. साल्मे जमलेल्यांना सांगत होती, "सूर्याचं ज्ञान आमच्या घराण्यात पूर्वीपासूनच." एल्फ्रीदे गळ्यात तो मफलर घालून ऐटीत उभी होती. पिरेतबाईंची नजर त्यावर पडली.

"अगं बाई, हे तर अख्ख्या वर्षाचं पंचांग! एल्फ्रीदेताई, हा द्या. तुमच्या नावाचं वेगळं दालन करते."

साल्मेचा चेहरा पडला. तो चेहरा एल्फ्रीदेने मनसोक्त पाहून घेतला. आम्ही एकोणतीस जण मफलरकडे पाहत उभे. तिने मफलर गळ्याभोवती आणखी एक वेढा देऊन घट्ट केला.

"नको बाई. संग्रहालयात जुन्या वस्तू ठेवतात. हा अजून वापरात आहे."