कोऱ्या बाजूनं वाचणारी

छापखान्याच्या हजेरीपटावर मावशींच्या नावापुढे एकोणीस वर्षं 'झाडूवाली' असंच लिहिलेलं होतं, आणि त्या एकोणीस वर्षांत तिथून जे काही छापून बाहेर पडलं त्यातलं बहुतेक सगळं मावशींच्या हातचं होतं. या दोन गोष्टी एकाच छपराखाली सुखानं नांदत होत्या, कारण कुणी विचारत नव्हतं. मावशीही विचारत नव्हत्या. एरवी नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा बाणा. पण नवरा वारलेला, घरात शाळेत जाणारी मुलगी, अशा वेळी माणूस तोंडाला कुलूप घालायला शिकतं.

झालं होतं असं. झाडताना जमिनीवर पडलेले शिशाचे खिळे सापडायचे. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. ते उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकणं हे झाडूवालीचंच काम, आणि खण चुकला की खिळे जुळवणारे मास्तर खेकसायचे. मावशींना कुणाचं खेकसणं ऐकून घ्यायची सवय नव्हती. वर्षभरात त्यांना सगळे खण पाठ झाले. त्याच सुमारास मास्तरांचे हात थरथरायला लागले. मग दोघांनी मिळून एक रीत बसवली. मास्तरांनी स्टुलावर बसून मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि मावशींनी उभं राहून तो खिळ्यांत जुळवायचा. मास्तरांची अब्रू राहिली, मालकांचं काम निघालं आणि मावशींना विद्या आली.

आली ती मात्र उलटी आली. जुळवताना खिळ्यांवरची अक्षरं डोक्यावर उभी असतात आणि मजकुराची पहिली ओळ सगळ्यांत खाली असते. मावशी वाचायला शिकल्या त्या तशाच. छापलेला कागद वाचायचा झाला तर त्या तो खालचा वर करून पालथा धरायच्या, छापलेली बाजू पलीकडे आणि कोरी बाजू आपल्याकडे. मग खिडकीच्या उजेडासमोर नेऊन खालच्या ओळीपासून वर घडाघडा वाचत जायच्या. असा धरला की कागदातून आरपार दिसणारी अक्षरं थेट खिळ्यांसारखी दिसतात. छापखान्यात याचं कुणालाही नवल वाटत नसे. छापखान्याबाहेर मावशींनी कधी काही वाचलंच नव्हतं.

देशात तेव्हा रोज काहीतरी नवं निघत होतं. नवे रस्ते, नवे विजेचे खांब आणि नवे कायदे. कायदे तर इतके, की खणांतले खिळे पुरत नसत. त्यातच कामगारांचा कायदा आला. जो माणूस जे काम करतो तेच त्याच्या नावापुढे लिहायचं, मग तो पुरुष असो वा स्त्री. फक्त कसबाच्या कामाला साक्षरतेचं प्रमाणपत्र हवं. हा कायदा मास्तरांनी वाचला आणि मावशींनी जुळवला. जुळवता जुळवता त्यांचा हात एकदाच थांबला. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा तेच वाक्य सावकाश वाचलं.

पुढच्याच वर्षी मास्तर थकून मुलाकडे राहायला गेले. छोट्या छापखान्यात जुळारी तो एकच. मालक नवा माणूस शोधू लागले, तेव्हा मावशी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माणूस शोधायची गरज नाही, माणूस इथेच आहे. मालक वाईट नव्हते, पण भित्रे होते. त्यांनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा, जागा तुमची. नाही आणलं तर पहिल्या तारखेपासून दुसरीकडचा जुळारी येईल आणि तुम्ही झाडू धरा. खिळ्यांना हात लावायचा नाही, आता तपासणी होते.

परीक्षा नगरपालिकेच्या सभागृहात होती. मुलगी सोबत आली होती. ती आता शाळेत मास्तरीण होती, आणि आईला वाचता येतं हे तिला ऐकून माहीत होतं, पाहून नव्हे. बाकांवर बायका आणि गडीमाणसं मिळून चाळीसेक जण. टेबलामागे तपासनीस, नवाकोरा कोट, नवाकोरा शिक्का. मावशींचा नंबर आला. त्यांच्या हातात एक पान दिलं गेलं. मावशींनी ते सवयीनं पालथं केलं, खिडकीकडे गेल्या आणि कोऱ्या बाजूकडे बघत वाचायला लागल्या.

आधी एक हसला, मग सगळं सभागृह हसलं. कोरा कागद वाचणारी बाई कुणी पाहिली होती? मावशी थांबल्या नाहीत. सगळं पान त्यांनी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत बिनचूक वाचलं. आणि तेच अंगाशी आलं. ते पान साक्षरता पुस्तिकेतलं पहिलं पान होतं, आणि ते चौकाचौकात कर्ण्यावरून रोज ऐकवलं जायचं. तपासनिसांनी मान हलवली. म्हणाले, बाई पाठ करून आल्यात.

"पाठ असणारच," मावशी म्हणाल्या. "हे पान मीच जुळवलंय."

यावर तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तपासनिसांनी फॉर्मवर लिहिलं, 'उमेदवारास वाचता येत नाही. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी.' वर शिक्का हाणला. मावशींना त्या हसण्याचं काही वाटलं नाही. लोक कशालाही हसतात. पण दारापाशी उभ्या असलेल्या मुलीनं मान खाली घातली होती, आणि ते मात्र त्यांच्या काळजात घर करून राहिलं.

घरी आल्यावर मुलीनं पाटी काढली. तिचंही चूक नव्हतं. तिनं वर्तमानपत्र आईसमोर सरळ ठेवलं आणि बोटानं पहिली ओळ दाखवली. मावशी वाचू लागल्या, पण अडखळत, अक्षराअक्षराला ठेचकाळत. तीन संध्याकाळी हे चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"आई, सरळ धरून वाचायला काय हरकत आहे? सगळं जग तसंच वाचतं."

"जग वाचतं ते मी आधी वाचलेलं असतं. शिकेन मी सरळ, माझ्या सवडीनं शिकेन. पण मला येत नाही म्हणून शिकणार नाही. मला येतं."

मुलीनं पाटी उचलून ठेवली. तिला पटलं नव्हतं, पण आईचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

महिना संपायला चार दिवस उरले असताना तपासनीस स्वतः छापखान्यात आले. हातात सूचनेचा कागद. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर भिंतींवर लागायला हवी होती. मालकांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली, कागद घेतला आणि मावशींना हाक मारली. मावशी कोपऱ्यात झाडत होत्या. झाडू न सोडता त्या म्हणाल्या, "मालक, मला वाचता येत नाही. साहेबांनीच लिहून दिलंय. अशा बाईच्या हाती सरकारी काम देऊ नका. चूक झाली तर कोण निस्तरणार?"

मालकांची अवस्था बघवत नव्हती. नवा जुळारी पहिल्या तारखेशिवाय येणार नव्हता. तपासनिसांनी आता कुठे नीट पाहिलं आणि त्यांना ती कोऱ्या कागदाची बाई आठवली. मग बाबापुता सुरू झालं. शेवटी ते म्हणाले की चला, या वेळेपुरती आम्ही डोळेझाक करू.

"डोळेझाक नको, साहेब. इथे बसा आणि डोळे उघडे ठेवा."

मावशींनी मास्तरांचं स्टूल पुढे ओढलं. साहेब बसले. खरं म्हणजे त्यांना बसावंच लागलं. ते मजकूर वाचू लागले आणि मावशींचा उजवा हात खणांवरून फिरू लागला. डाव्या हातातल्या पट्टीत खिळे एकामागोमाग एक टकटक बसत गेले. वाचणाऱ्यापेक्षा जुळवणारी पुढे जाते आहे असं साहेबांना वाटू लागलं, आणि त्यांनी नकळत वाचायचा वेग वाढवला. "प्रमाणपत्र मिळालेल्या सर्व पुरुष कामगारांनी..."

मावशींचा हात थांबला.

"'पुरुष' हा शब्द कायद्यात नाही."

तपासनीस हसले. त्यांनी विचारलं की कायद्यात काय आहे ते तुम्हाला कुठून कळणार? मावशींनी फळीवरचं कायद्याचं पुस्तक मालकांना काढायला लावलं. म्हणाल्या, तिसरं पान, खालून चौथी ओळ. साहेबांनी खालून चौथी ओळ वाचली. तिथे दंडाविषयी काहीतरी होतं. त्यांचा चेहरा खुलू लागला.

"खालून म्हणजे माझ्या खालून," मावशी म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं वरून चौथी."

वरून चौथ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, 'कामगार, मग तो पुरुष असो वा स्त्री'. तपासनिसांनी ती दोनदा वाचली. मग खिशातून पेन काढून आपल्या कागदावरचा 'पुरुष' मुकाट्यानं खोडला. हाताखालच्या कारकुनाची चूक असावी, असं काहीतरी ते पुटपुटले.

मावशींनी उरलेल्या ओळी जुळवल्या आणि भरलेली पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "आता तुम्ही वाचा. तुमचाच मजकूर आहे, पाठ म्हणू नका. बोट ठेवून वाचा."

साहेबांनी चष्मा पुसला. पट्टी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, तसे मालक घाबरून म्हणाले की तिरकी धरू नका, खिळे सांडतील. साहेबांनी एक अक्षर ओळखलं, दुसरं चुकलं, तिसऱ्यावर अडले. छापखान्यात कुणी हसलं नाही. मावशींनी नजरेनंच यंत्रावरच्या माणसाला तशी ताकीद दिली होती. त्यांना बदला नको होता, हक्क हवा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी पट्टी परत घेतली आणि खालच्या ओळीपासून वरपर्यंत सबंध सूचना वाचून दाखवली.

"साहेब, आता तुमच्या फॉर्मवर काय लिहू?"

तपासनीस मनातून कसे का असेनात, शिकलेले होते, आणि शिकलेल्या माणसाला कधीकधी लाज वाटते. त्यांनी पिशवीतून नवा फॉर्म काढला, हजेरीपट मागवून त्यावरून तो भरला, सही केली, शिक्का मारला आणि मावशींना दिला. मावशींनी आभार मानले नाहीत. फॉर्म पालथा करून खिडकीशी नेला. शाईचं अक्षर, त्यात साहेबांचा हात वळणदार, त्यामुळे वेळ लागला. साहेब दारापर्यंत पोचले होते.

"थांबा. धंदा चुकलाय. इथे 'झाडूवाली' लिहिलंय."

मालक म्हणाले, असू द्या मावशी, प्रमाणपत्र मिळालं ना, एका शब्दासाठी कशाला अडवता. मावशी म्हणाल्या की त्या एका शब्दासाठीच एकोणीस वर्षं गेली. साहेब परत आले, स्टुलावर बसले आणि तो शब्द खोडून वर 'जुळारी' लिहिलं. मावशींनी पुन्हा उजेडात वाचून बघितलं, मगच वाट सोडली. मग कोपऱ्यातला झाडू उचलून मालकांच्या टेबलाला टेकवून ठेवला. आता झाडायचं कुणी, असं मालकांनी विचारलं. त्यावर, ज्याच्या पायात कचरा येईल त्यानं, असं सांगून मावशी कामाला लागल्या.

पहिल्या तारखेला मुलगी शाळा सुटल्यावर छापखान्यात आली, आयुष्यात पहिल्यांदा. आई खणांसमोर पाठमोरी उभी होती आणि शेजारी साहेबांच्या जागी यंत्रावरचा माणूस बसून मजकूर वाचत होता. खिडकीच्या काचेला प्रमाणपत्र चिकटवलेलं होतं, अक्षरांची बाजू रस्त्याकडे, डोकं खाली. मालकांनी समजूतदारपणानं तिला सांगितलं की तुझ्या आईनं कागद उलटा लावलाय, तू शिकलेली आहेस, जरा सरळ करून दे.

मुलगी खिडकीपाशी गेली. बराच वेळ कोऱ्या बाजूकडे बघत राहिली. मग तिनं सुटत आलेला एक कोपरा अंगठ्यानं दाबून पक्का केला.

"सरळच आहे," ती म्हणाली. "जिला वाचायचाय तिच्या बाजूनं लावलाय."