मुलगा असला की अडतो

मुलगा असला की बाई अडते, मुलगी सुळकन येते, असं आमच्या सासरी पक्कं ठरलेलं. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार असेल. चाकणजवळच्या आमच्या गावात मला दुसऱ्या खेपेच्या कळा सुरू झाल्या. थोरली लेक घटकाभरात झाली होती. या वेळी मात्र दिवस मावळला तरी सुटका नाही म्हटल्यावर सासूबाईंच्या तोंडावर काय तेज चढलं! ओसरीवर बसलेल्या आमच्या ह्यांना हाक मारून म्हणाल्या, “पोरगाच हाय बघ. राजावानी सवडीनं यील.”

सुईण मान डोलवायला तयारच. मुलगा झाला तर तिला लुगडं, मुलगी झाली तर नारळ. ती कशाला वेगळं बोलेल? अडलेल्या बाईसाठी घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, डबे उघडायचे, अशी रीत. ती यथासांग पार पडली. लोणच्याच्या बरणीचंसुद्धा झाकण काढलं. गोठा उघडून गाडी जुंपायचं तेवढं कोणाला सुचलं नाही. मी ओरडतेय, “अगं बाई, मी मरते, मला दवाखान्यात न्या,” तर सासूबाई म्हणतात, “माझ्या नातवाला डाक्टरचा हात नगं लागाया.” जळले मेले ते लाड! सून जगते की जाते, याची कोणाला फिकीरच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्या भरणारी चाची दारात आली. माझा आवाज ऐकून तिनं आत डोकावलं, आणि टोपली तिथंच टाकून घराकडे पळाली. तिचा नवरा बाजारातला कांदा ट्रकनं पोचवायचा. ट्रक भरलेलाच होता. दोघांनी मला पोत्यांवर निजवलं आणि खेडच्या दवाखान्यात नेलं. सासूबाईही चढल्या. मुलगा झाला की वाजवायची थाळी त्यांनी पदराखाली घेतली होती.

मुलगी झाली. जिवंत, धडधाकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी तासभर थांबला असतात तर दोघी गेल्या असत्या.”

सासूबाईंनी नातीकडे पाहिलंही नाही. थाळी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, “पोरगा असता तर आईचं आसलं हाल केलं नसतं त्यानं.”

तोवर मी त्यांच्यापुढे कधी ब्र काढला नव्हता. उठून बसायची ताकद नव्हती, पण असा संताप आला की बोललेच.

“आत्याबाई, दोन दिस हिनं न्हाई, तुमी लावलं. ही तर कवाची निघाली हुती.”